दहा बेचाळीसची लाइट

त्या दोघांची गाठ पडली ती ऑगस्टातल्या एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते याचं श्रेय नानांना. नाना म्हणजे योगिनीचे वडील. चौतीस वर्षं पोस्टात काढली, हजारो लोकांची पत्रं हातांखालून गेली, पण एकही पाकीट कधी उघडून वाचलं नाही, हा त्यांचा अभिमान. निवृत्तीनंतर या सचोटीला काही काम उरलं नाही, म्हणून त्यांनी एक वही घातली होती. रत्नागिरीतली लाइट केव्हा जाते आणि केव्हा येते याची. चार रकाने: तारीख, गेली, आली, शेरा. वहीचं पुढे काय करायचं हे ठरलं नव्हतं. पण नोंद बिनचूक.

तर त्या मंगळवारी दहा बेचाळीसला लाइट आली, पडवीतला राउटर डोळे चोळत उठला आणि योगिनीच्या लॅपटॉपवर एक पत्र येऊन पडलं. इंग्रजीत, दोनच वाक्यांचं. ‘आपल्या कोयंड्यात एक दोष सापडला आहे. कृपया सुरक्षित मार्गाने संपर्क साधावा.’ खाली नाव नव्हतं. नुसतं ‘उणे अठरा’.

योगिनीच्या हातातला आंबोळीचा तुकडा बशीत परत गेला.

कोयंडा हे तिचं बाळ. पुण्यातली नोकरी सोडण्याच्याही आधी, सात वर्षांपूर्वी, तिनं लिहिलेलं. लोकांचं बोलणं कुलूपबंद करून पाठवणारं सॉफ्टवेअर. कुणीही फुकट घ्यावं, आत काय आहे ते उघडून बघावं, सुधारावं. जगात ते बारा अ‍ॅप्स वापरत होती आणि त्याची देखभाल तिघं करत. त्यातला एस्टोनियातला गृहस्थ अळंबी गोळा करायला जंगलात गेला होता, दुसरा दोन वर्षांपूर्वी ‘लवकरच कळवतो’ म्हणाला होता. उरली रत्नागिरीच्या पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्याजवळच्या घरातली योगिनी.

तिनं सुरक्षित मार्गानं, म्हणजे कोयंड्यातूनच, विचारलं : काय दोष?

उत्तर वाचून तिचे कान तापले.

कुलपाला किल्ली लागते, आणि ही किल्ली यंत्र एका मोठ्या, कुणालाही न ओळखता येणाऱ्या संख्येतून घडवतं. पण नुकत्याच जाग्या झालेल्या यंत्राला अशी संख्या चटकन सुचत नाही. त्याला मिनिट-दोन मिनिटं द्यावी लागतात. सात वर्षांपूर्वी, असल्याच एका पावसाळ्यात, ती पुण्याहून सुटीवर घरी आली होती. लाइट दिवसातून दहा वेळा जायची, तिचं जुनं यंत्र दहा वेळा नव्यानं उठायचं आणि दहा वेळा विचार करत बसायचं. एका दुपारी वैतागून तिनं सात ओळी घातल्या : तीन सेकंदांत संख्या सुचली नाही तर ही घे. आणि पुढे घरच्या फोनचा नंबर ठोकून दिला. वर रोमन लिपीत शेरा मारला : तात्पुरतं, नंतर काढणे.

कोकणात तात्पुरत्या गोष्टीला फार आयुष्य असतं. योगिनीच्या घराच्या मागच्या बाजूला ‘या पावसापुरता’ टाकलेला पत्रा तिच्या जन्माआधीचा होता.

‘म्हणजे,’ उणे अठरानं लिहिलं होतं, ‘यंत्र उठल्या उठल्या बनवलेल्या सगळ्या किल्ल्या एकाच नंबराच्या निघतात. तो नंबर ज्याला कळला, त्याला ती सगळी घरं उघडी.’

या धंद्यात एक रीत आहे. भोक सापडलं की शोधणाऱ्यानं गप्प राहायचं, बुजवणाऱ्यानंही गप्प राहायचं. वापरणाऱ्यांना गुपचूप कळवायचं आणि सगळ्यांची तयारी झाली की एका ठरल्या दिवशी दुरुस्ती आणि बातमी एकदम बाहेर काढायची. तोवर बोभाटा झाला तर चोर आधी पोचतात. दोघांनी चौदा दिवस ठरवले. पुढच्या-पुढच्या मंगळवारी, सकाळी अकरा.

‘कुणाला सांगायचं नाही,’ त्यानं लिहिलं.

‘कुणालाच नाही,’ तिनं लिहिलं.

आणि इथून घोटाळा सुरू झाला.

*

तिसऱ्या दिवशी त्यानं मराठीत लिहिलं.

‘त्या सात ओळींवरचा शेरा मला वाचता येतो. लिहिणाऱ्याला ओळखता?’

योगिनीनं बराच वेळ कर्सर लुकलुकू दिला. कोयंड्यात प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख कायमची राहते. पण इतिहासाचा अभिमान सगळे बाळगतात, वाचत कुणी नाही, या भरवशावर तिनं लिहिलं, ‘ओळखते. जवळून.’

‘कसा आहे माणूस?’

‘बरा आहे. जरा उतावळा.’

‘मला वाटतं दुष्ट नसावा. त्याच्याकडे लाइट फार जात असणार.’

ती फसकन हसली. मग त्याच्या नावाकडे पाहून म्हणाली, म्हणजे लिहिती झाली, ‘तुमच्याकडे नसेल जात. उणे अठरा म्हणजे... बर्फ पडत असेल ना खिडकीबाहेर?’

‘बर्फ पुष्कळ आहे,’ तो म्हणाला. ‘खिडकी नाही.’

एकटाच, बिनखिडकीच्या घरात, बर्फाच्या देशात राहणारा मराठी माणूस! योगिनीला त्याची दया आली. दयेतून माणूस पुढे कुठे कुठे जातो, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग रोज कामाच्या चार ओळींमागून दोन बिनकामाच्या येऊ लागल्या. त्याला आंबोळी आठवते का? आठवते, पण गोल करता येत नाही. गोल कशाला करायची, खायची आहे की फिरवायची? ... आणि मग थोडा वेळ दोन्हीकडे कर्सर लुकलुकत राही.

शेजारच्या हौसाकाकू हे पाहत होत्या. त्यांचे यजमान गंगाराम जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम. आठ महिने पाण्यावर, चार महिने घरी. काकूंच्या फोनवर नवऱ्याशी बोलायचं अ‍ॅप योगिनीनंच घालून दिलेलं, आणि त्याच्या पोटात कोयंडा.

“काय गो,” काकू ओटीवर टेकत म्हणाल्या, “सकाळपासून तिसऱ्यांदा हसलीस.”

“काम आहे काकू.”

“काम करताना कोण हसतं? नाव काय त्याचं?”

“कुणाचं?”

“ज्याचं काम हाय त्याचं.”

“सांगता येत नाही,” योगिनी म्हणाली, आणि हे अगदी खरं होतं. “कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय आमचं. मंगळवारनंतर सांगेन.”

हौसाकाकूंनी गालावर हात ठेवला. “कुणाला सांगू नको म्हणणारे सगळे एकाच साच्यातले, बाय. आमचे हे पण असंच म्हणत. आणि मंगळवारी काय करणार? पळून जाणार?”

“नाही हो! सगळ्यांना एकदम जाहीर करणार.”

“अगो बाय!” काकू म्हणाल्या, आणि जाहीर करायचं काम मंगळवारपर्यंत ताटकळत ठेवू नये अशा सद्हेतूनं गल्लीच्या दिशेनं निघून गेल्या.

त्यांच्या पाठमोऱ्या चालीकडे पाहताना योगिनीला आठवलं. तिनं अ‍ॅप घातलं त्या दिवशी काकूंचा फोन मेलेला होता. चार्जिंगला लावून, चालू करून, लगेच... उठल्या उठल्या...

आत जाऊन तिनं काकूंची किल्ली तपासली. घरच्या फोनचा नंबर. आठ महिन्यांची एका नवरा-बायकोची बोलणी, आणि कुलूप उघडंच. तिनंच आपल्या हातानं लावून दिलेलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती एकदाही हसली नाही.

*

दुरुस्ती सोपी होती. सात ओळी काढायच्या. कठीण होतं ते जुन्या कच्च्या किल्ल्या ओळखून बदलणं. नवव्या दिवशी ते जमलं. ओळखणारा भाग चालतो का बघायला तिनं हाताशी होत्या तेवढ्या सगळ्या किल्ल्या त्यातून घातल्या. तिची स्वतःची : पक्की. एस्टोनियाची : पक्की. हौसाकाकू : कच्ची. उणे अठरा...

कच्ची.

योगिनी खुर्चीत मागे टेकली. म्हणजे नऊ दिवस तिनं त्याला लिहिलेलं सगळं, दोषाची माहिती, आंबोळी, ते कर्सर लुकलुकल्यानंतरचं एक वाक्य... सगळं पोस्टकार्डावर लिहिल्यासारखं. कुणी वाचलं असेल असं नाही. वाचता आलं असतं. आणि आता दुरुस्ती त्याला या रस्त्यानं पाठवायची सोय नव्हती. फोन नाही, पत्ता नाही. समोरासमोर बसून नव्या किल्ल्या एकमेकांना वाचून दाखवायच्या, हा जगभरचा एकच खात्रीचा उपाय. त्यासाठी आधी माणूस पाहिजे.

तिच्याकडे त्याची एकच गोष्ट होती. सकाळीच त्यानं आपलं यंत्र कधी कधी नव्यानं उठलं त्याची यादी पाठवली होती. मंगळवार दहा बेचाळीस. मंगळवार अकरा सतरा. बुधवार तीन पाच, तीन नऊ...

एवढ्यात पंखा थांबला. पलीकडून नानांचा समाधानी आवाज आला, “गेली!” आणि वहीचं पान उलटल्याचा.

तीन पाच, तीन नऊ. बुधवारी नानांना लागोपाठ दोनदा उठावं लागलं होतं, तेव्हा कुरकुरले होते.

ती उठून त्यांच्या टेबलाशी गेली. ‘आली’च्या रकान्यावरून बोट खाली उतरत गेलं. दहा बेचाळीस. अकरा सतरा. तीन पाच. तीन नऊ. एकही चुकलं नव्हतं. शेऱ्याच्या रकान्याकडे तिनं पाहिलंच नाही. वारा, पाऊस, पडलेली फांदी, दुसरं काय असणार.

“नाना, आपल्या लाइनवर आणखी कोण कोण आहे?”

नानांनी चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. “रघूला विचार. आत्ता खांबावरच असेल.”

रघू वायरमन खरंच कोपऱ्यावरच्या खांबावर होता.

“रघूदादा, आपल्या लाइनवर उणे अठरा कोण?”

हा प्रश्न खांबावरच्या माणसाला वेड लावणारा आहे. पण रघूला आयुष्यात याहून विचित्र तक्रारी आल्या होत्या. “उणे अठरा? ते मिरकरवाड्यातलं कोल्ड स्टोरेज. मासळी ठेवतात तिथं. का? मासळी कमी थंड लागली?”

*

मासेमारीची पावसाळी बंदी उठून होड्या पाण्यात गेल्याला पंधरा दिवस झाले होते. जेटी कोळंबीच्या टोपल्यांनी आणि हाकांनी भरली होती. पाऊस बारीक, चिकट. अंगाला सदरा चिकटेल अशा त्या हवेत कोल्ड स्टोरेजचं जाड दार उघडलं, पांढऱ्या वाफेचा लोट आला आणि त्यातून एक माणूस बाहेर पडला. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, हातात लोकरी मोजे. बर्फाच्या देशातला माणूस रत्नागिरीतच, रिक्षानं सात मिनिटांवर निघाला होता.

योगिनी छत्रीखाली उभी राहिली. काय बोलावं? नाव माहीत नाही. चेहरा आत्ताच पाहिलेला. नाकाचा शेंडा लाल होता, आणि डोळे... ते राहू दे.

“दहा बेचाळीस,” ती म्हणाली.

तो जागच्या जागी थांबला. कानटोपी हळूच वर सरकवली.

“अकरा सतरा,” तो म्हणाला.

“तीन पाच.”

“तीन नऊ.” मग जरा घुटमळून, “...तुम्ही इकडे कशा?”

“तुमची किल्ली कच्ची आहे.”

प्रथम भेटीत स्त्रीनं पुरुषाला म्हणायचं हे वाक्य नव्हे. तो मात्र छान हसला. त्याचं नाव दर्शन. मूळचा वेळणेश्वरचा, लोट्याला केमिकलच्या कारखान्यात सहा वर्षं शिफ्ट केल्या, मग ते सोडून स्वतः छोटी यंत्रं बनवू लागला. मासळीचं तापमान मोजायचं आणि कुलूप लावून मालकाच्या फोनवर पाठवायचं, असलं. लाइट आली की यंत्रं उठायची आणि सगळी एकच किल्ली बनवायची, तिथं त्याला संशय आला.

ऑफिसच्या पत्र्याखाली, एका बर्फाच्या पेटीवर बसून त्यांनी नव्या किल्ल्या वाचल्या. चाळीस अक्षरं तिची, चाळीस त्याची. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मान हलवायची. विसाव्या अक्षराच्या सुमारास तिच्या लक्षात आलं, की तो कागदाकडे बघत नाहीय.

“चुकेल,” ती म्हणाली.

“परत पहिल्यापासून वाचू,” तो म्हणाला. वाचली.

मग चाचणी. दुरुस्ती त्याच्या यंत्रात घालून शंभर वेळा लाइट घालवायची आणि आणायची, आणि प्रत्येक वेळी किल्ली वेगळी येते का बघायचं. खरी लाइट असल्या कामाला कधी जात नाही. म्हणून तो प्लग ओढणार, ती बघणार. यंत्र आत, थंडीत. दुसरा स्वेटर तिच्या अंगावर आला. मोज्यांची मात्र एकच जोडी होती, तेव्हा एक त्यानं घातला, एक तिनं.

“ओढा.”

“ओढला.”

“वेगळी. ओढा.”

एकाहत्तराव्या वेळी ती ‘ओढा’ म्हणाली नाही.

“एक सांगायचंय,” ती म्हणाली. तोंडातून वाफ येत होती. “त्या सात ओळी... तो उतावळा माणूस... मी आहे. तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. आमच्या शेजारच्या काकूंचं सगळं बोलणं त्या नंबरावर उघडं आहे, आणि फोन मी लावून दिलाय. मला झोप येत नाही त्या दिवसापासून.”

दर्शन प्लग हातात धरून उभा होता. “मला माहीत आहे.”

“माहीत?”

“नाव लिहिलंय प्रत्येक ओळीपुढे. पहिल्याच दिवशी बघितलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही सांगाल तेव्हा ऐकावं म्हटलं.” त्यानं मान खाली घातली. “आणि तो नंबर... शून्य दोन तीन पाच दोन. रत्नागिरीचा कोड कुणाला कळत नाही? एकदा फोनही केला होता मी. एका गृहस्थांनी उचलला आणि नाव न विचारता म्हणाले, ‘तुमच्याकडे आली का लाइट?’”

“नाना! ...मग?”

“मी म्हटलं, ‘आत्ताच आली.’ आणि घाबरून ठेवला.”

“या गावात राहून घरी का नाही आलात?”

“उघडं दार सापडलं म्हणून आत शिरायचं नसतं,” तो म्हणाला. “दारवाल्याला बाहेरून हाक मारायची आणि थांबायचं. तीच तर रीत आहे आपली.”

योगिनीनं मोजा नसलेला हात उगाच स्वेटरच्या बाहीत लपवला.

“बातमीत माझं नाव घालायचं,” ती म्हणाली. “दोष कुणाचा, या जागी. स्पष्ट.”

“घालू.”

“ओढा.”

शंभर झाल्या. शंभरही वेगळ्या. पण दारात येऊन मोजा परत देताना तो दोघांच्याही हातात थोडा वेळ राहिला.

*

मंगळवारी अकरा वाजता दुरुस्ती बाहेर पडली. बाराही अ‍ॅप्सनी ती उचलली. खाली बातमी : ‘दोष : योगिनीच्या हातचा, सात वर्षांपूर्वीचा, आळसाचा. शोधला : उणे अठरा, रत्नागिरी.’ एस्टोनियातल्या गृहस्थानं जंगलातून अंगठा पाठवला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ती हौसाकाकूंच्या ओटीवर होती. त्यांचा फोन हातात घेऊन नवी किल्ली केली, आणि सगळं सांगितलं. काही न लपवता.

“म्हणजे आमचं बोलणं कुणी वाचलंन?” काकूंनी विचारलं.

“वाचलं असं नाही. पण वाचता आलं असतं. माझ्यामुळे.”

काकू विचारात पडल्या. “वाचून काय मिळणार मेल्याला? माझा गुडघा नि ह्यांचं पित्त.” मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या समुद्राकडे बघू लागल्या. “...तशा एकदोन गोष्टी होत्या म्हणा. शिमग्याच्या वेळच्या.”

“काकू, चुकलं माझं.”

“चुकलं तर चुकलं. येऊन सांगितलंस ना? नाय सांगितलं असतंस तर मला काय कळणार होतं?” त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि लगेच मूळ मुद्द्यावर आल्या. “पण मंगळवार झाला. आता नाव सांग.”

नाव स्वतःच चिखल तुडवत योगिनीच्या फाटकातून येत होतं. आज स्वेटर नव्हता. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्यात भिजलेली कागदाची पुडी.

“तापमानाच्या नोंदींशी ताळा करायचा होता,” दर्शन नानांसमोर खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला. “तुमची लाइटची वही... जरा बघायला मिळेल?”

वहीची अशी मागणी नानांच्या निवृत्त आयुष्यात प्रथमच होत होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली. योगिनी आतून चहा घेऊन आली तोवर तो तिसऱ्या पानावर होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. खोलीत तर अठ्ठावीस डिग्री होत्या.

तिनं खांद्यावरून वाकून पाहिलं. तो ‘आली’चा रकाना वाचत नव्हता. शेऱ्याचा वाचत होता.

‘मंगळ. १०:४२. वारा नाही. योगिनीला पत्र आलं. आंबोळी टाकली.’

‘गुरु. ४:२०. योगिनी हसली.’

‘शुक्र. ९:३१. दोनदा हसली. फोन आला, बोलणारा तरुण. त्याच्याकडेही लाइट आत्ताच आली. म्हणजे आपल्याच लाइनवरचा.’

‘रवि. ६:०५. हसली नाही. काळजी.’

‘बुध. लाइट होती. मिरकरवाड्याहून परत आली ती स्वेटर घालून. रकाना नाही, तरी नोंदवले.’

चौदा दिवस दोघांनी जगातल्या सगळ्या चोरांपासून जपलेलं गुपित निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, टेबलावर उघडं पडलं होतं.

“नाना! तुम्ही कुणाचं काही वाचत नाही ना?”

“बंद पाकीट मी कधी उघडलं नाही,” नाना शांतपणे म्हणाले. “पण उघडं कार्ड नाकासमोर पडलं, तर नजर जातेच.” आणि ओटीवर कुणी आलंय का बघायला उठून गेले. ओटीवर हौसाकाकू होत्या. त्या चांगल्या अर्ध्या तासापासून होत्या.

खोलीत दोघंच राहिली. पुडी अजून त्याच्या हातात होती. तिनं सोडली, तर आत लोकरी मोजे. नवी जोडी, लहान मापाची.

“मला...” दर्शन म्हणाला. “म्हणजे, चौदा दिवस झाले. आता बोलायला हरकत नाही ना?”

“रीतीप्रमाणे नाही,” योगिनी म्हणाली.

“तुम्ही रविवारी हसला नाहीत, तेव्हा मीही दिवसभर... लिहायला बसलो होतो, पुसलं.”

“काय पुसलंत?”

पंखा थांबला. दिवा गेला. पावसाळी अंधारात तिला फक्त त्याचा शर्ट दिसत होता, पांढरा.

“तुम्ही नको,” ती हळूच म्हणाली. “तू म्हण. आणि पुसलेलं परत सांग. मी ऐकतेय.”

त्यानं सांगितलं. ते इथं देता येणार नाही. ते त्या दोघांचं आहे आणि आता पक्क्या किल्लीत आहे. तिनं काय उत्तर दिलं तेवढं मात्र कळतं, कारण चार मिनिटांनी लाइट आली आणि नाना वही न्यायला आत आले. दाराशीच थांबले, खाकरले आणि ओटीवरच खिशातल्या कागदावर नोंद केली.

‘मंगळ. ११:५६ आली. दोघांच्याही लक्षात आलं नाही.’